ऊस मोडून दोन एकर केळी करावी का? (कडेगाव तालुका)

माळावरचा_शेतकरी (कडेगाव)

रामराम मंडळी.

कडेगाव तालुक्यात आमचं साडेचार एकर रान आहे. त्यातल्या दोन एकरांतला ऊस निडवा, म्हणजे तिसरं पीक, होऊन फेब्रुवारीत तुटला. पाचट रानातच कुजवलं, नांगरट केली, आता रान तापतंय. नेहमीप्रमाणं जुलैत पुन्हा आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची लागण, लावायची, असं घरात ठरल्यासारखंच आहे. माझ्या मनात मात्र केळी आहे.

माझा मेहुणा करमाळा तालुक्यात कंदरच्या बाजूला असतो. त्या पट्ट्यातली केळी आखातात जाते हे तुम्हाला माहीत असेलच. दिवाळीत गेलो तेव्हा त्याच्या बागेत कटिंग चालू होतं. घडावर कुठं डाग नाही. फण्या कापून पाण्याच्या टाकीत धुतात, वाळवतात, तेरा-तेरा किलोच्या खोक्यात भरतात आणि खोकी थेट कंटेनरमध्ये चढतात. मेहुणा म्हणाला, दाजी, एकरी पाच लाख कुठं जात नाहीत. तेव्हापासून डोक्यातनं जात नाही.

वडील ६४ वर्षांचे आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, "उसाला कारखान्याचा काटा आहे. तुझ्या केळीला काटा कुणाचा?" मला अजून याचं उत्तर देता आलेलं नाही.

स्वतःची विहीर आहे, पाच एचपीची मोटर, शिवाय ताकारी सिंचन योजनेचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, मिळतं. एक एकर काळं रान, दुसऱ्या एकरात वर दीड फूट माती आणि खाली मुरूम. उसाचं ठिबक आहेच.

दोन्ही एकर एकदम करावी का? जून-जुलैत लागण केली तर चालेल ना? आणि केरळात वेफर्ससाठी नेंद्रन म्हणून जात लावतात, तिला दरही चांगला असतो असं व्हिडिओत पाहिलं. ती इथं लावली तर? कुणाकडं वहीतला खरा हिशेब असेल तर कृपा करून सांगा. व्हिडिओतले आकडे ऐकून ऐकून आता भीती वाटायला लागलीय.

द्राक्षबाग_तासगाव

केळीतलं मला फार कळत नाही, पण व्यापाऱ्यातलं कळतं. गाडी भरून झाल्यावर "पैसे परवा टाकतो" म्हणणाऱ्याला गाडी हलवू देऊ नको. आमच्या तासगाव-मिरजेच्या पट्ट्यात द्राक्षाचे पैसे बुडाले नाहीत असं घर शोधावं लागेल. माझे दोन वर्षांचे आहेत. चेक घेतला होता, तो वटला नाही. व्यापारी कुठल्या गावचा हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं. केळी लाव नाहीतर काहीही लाव, पण घेणाऱ्याचं घर बघून ये.

मळीरान (वाळवा)

भाऊ, तुझ्या वडिलांचा प्रश्न हाच केळीतला खरा प्रश्न आहे. रोप, खत, फवारणी हे सगळं चार महिन्यांत शिकता येतं. मी २००८ पासून केळी करतोय आणि अजून काट्याचंच शिकतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

ऊस तयार झाला आणि टोळी महिनाभर उशिरा आली तर तुरा येतो, वजन घटतं, शिव्या देतो आपण, पण ऊस रानात उभा असतो. केळीचा घड भरला की तुझ्या हातात आठ-दहा दिवस. केळ्याची धार मोडते, म्हणजे बोटाच्या कडा गोल होतात, तेव्हा घड कापायचा. बाहेरदेशी जाणारा माल थोडी धार शिल्लक असतानाच कापावा लागतो. त्यासाठी पॅकिंगवाले वरच्या दुसऱ्या फणीच्या मधल्या बोटाला कॅलिपर लावून बघतात. तो मुहूर्त हुकला की माल लोकलचा झाला. लोकलचाही हुकला की घड झाडावरच पिकायला लागतो, साल तडकते, आणि एक फणी पिवळी झाली की ती शेजारच्या फण्यांनाही पिकवते. तेव्हा मग जो येईल त्याला, तो म्हणेल त्या दरानं द्यावं लागतं. केळीतला तोटा बहुतेक वेळा या आठ दिवसांत होतो. रानात काही चुकलेलंच नसतं.

उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. वेळेवर मिळो न मिळो, भांडायला हातात कागद तरी आहे. केळीला असा कागद नाही. तुझ्या वडिलांना सांग, काटा आपला आपण उभा करावा लागतो.

आता वहीतला हिशेब. एक एकराचा, मागच्या वर्षी संपलेल्या बागेचा. सहा बाय पाचवर लागण, म्हणजे एकरी १४५२ झाडं. तुटाळीसाठी, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, धरून १५०० रोपं, १७ रुपयांनी २५,५००. शेणखत ६ ट्रॉल्या, २७,०००. नांगरट, रोटर, बेड ९,०००. बेसल डोस आणि ठिबकनं सोडलेली विद्राव्य खतं मिळून ४८,०००. फवारण्या ९,०००. मजुरी ३२,०००, यात तण, पिलं कापणं, करप्याची पानं काढणं, केळफूल मोडणं, फण्यांची विरळणी, सगळं आलं. घडावर घालायच्या स्कर्टिंग बॅगा आणि झाडं बांधायच्या पट्ट्या १२,०००. एकूण १,६२,५००. ठिबक जुनं होतं म्हणून धरलं नाही, आणि घरच्या माणसांची मजुरीही धरली नाही, ती तू धर.

१४५२ पैकी १३१० घड हाताला लागले, साधारण ३१ टन. म्हणजे किलोला सव्वापाच रुपये खर्च पडला. हा आकडा पाठ कर. पहिल्या दोन कटिंगला १९ टन माल गेला, १८ रुपये दर. तिसऱ्या कटिंगच्या वेळी सगळीकडचा माल एकदम बाजारात आला आणि दर ८ वर बसला. उरलेला १२ टन त्या दरानं गेला. ३,४२,००० अधिक ९६,०००. खर्च वजा जाता २,७५,५०० राहिले. बाग तीच, खत तेच, घडही तसेच, मधे गेले तीन आठवडे. आणि ८ रुपये मिळाले म्हणून मी देवाला नमस्कार केला, कारण तीन-चार रुपयांनी केळी मागितलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. काही जणांनी बागेत रोटर घातला. तुझ्या मेहुण्याचे पाच लाख खोटे नाहीत. त्याला ते मिळाले असतील. पण ते त्या दराचे पाच लाख आहेत. केळीचे म्हणून धरू नको.

दुसरी गोष्ट पाण्याची. ऐन उन्हाळ्यात घड असलेल्या झाडाला दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी लागतं. १४५२ झाडं म्हणजे रोज २९,००० लिटर, दोन एकराला ५८,०००. ताकारीचं आवर्तन बंद असताना तुझी विहीर हे देते का, ते मे महिन्यातच कळतं, आणि आत्ता मेच चाललाय. दोनशे लिटरचं बॅरल घे आणि किती सेकंदांत भरतं ते मोज. चाळीस सेकंदांत भरलं तर तासाला १८,००० लिटर झाले. मग मोटर किती तासांत पाणी सोडते आणि रात्रीत विहीर किती चढते ते चार दिवस बघून लिहून ठेव. ऊस दहा-पंधरा दिवस ताण काढतो. केळीला घड लागल्यावर ताण बसला की बोटं बारीक राहतात, आणि नंतर कितीही पाणी पाजलं तरी ती भरत नाहीत.

मुरमाच्या एकरात लावू नको. चालते, लोक लावतात, पण पहिल्या वर्षी नको. काळ्या रानाचं माती परीक्षण करून घे, त्यात चुनखडी किती निघते ते बघ. चुनखडीत नवी पानं पांढरट पिवळी येतात आणि मग आपण लोहाच्या फवारण्या मारत बसतो. कागदावर शिफारस झाडाला २०० ग्रॅम नत्र, ६० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश अशी आहे. उसवाल्याचा हात युरियावर सैल असतो. केळीला पालाश नत्राच्या बरोबरीनं लागतं, आणि घड निसवल्यावर, म्हणजे बाहेर पडल्यावर, तर त्यावरच सगळं.

वाऱ्याचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो. बाहेर मोटर बंद करायची वेळ झाली.

मळीरान (वाळवा)

हां, वारा.

माझं जुनं रान कृष्णेच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा माझी पाच महिन्यांची केळी पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर झाडं उभी दिसत होती, पानं चिखलानं माखलेली. धुतली की जगतील असं वाटलं. हातानं हलवलं तर झाड बुडातनं सैल. मुळं कुजून काळी पडली होती, वास येत होता. त्यानंतर मळीत मी केळी लावत नाही, वरच्या रानात लावतो. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा तो निर्णय बरोबर ठरला. तुझ्याकडं पुराची भीती नाही, हे तुझं नशीब. पण वरच्या रानात वारा आहे.

जून-जुलैत लावलीस तर फेब्रुवारी-मार्चमध्ये निसवेल, आणि पंचवीस-पंचवीस किलोचे घड लटकलेले असताना एप्रिल-मेचा वळीव येईल. माझ्याकडं एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी चारला आभाळ आलं. मी गोठ्यात होतो. वीस मिनिटं वारं सुटलं, पाऊस तर नावालाच. बागेत गेलो तेव्हा पश्चिमेकडच्या सात सरींतली झाडं मधोमध मोडून पूर्वेला पडली होती, सगळी एकाच दिशेला, कुणीतरी हातानं आडवी ठेवल्यासारखी. घड अजून महिना-सव्वा महिन्याचा, ना विकायला, ना ठेवायला. मोडलेल्या खोडांतून पाणी गळत होतं, तेवढाच आवाज. मोजली तर ३८० झाडं. आमच्या घरातल्यांनी दोन दिवस त्या बाजूला जायचं टाळलं.

आता मी पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरीची दाट ओळ धरतो, लागणीच्या आधी दोन महिने. शेवरी नसेल तर गजराज गवत चालतं, पण त्याची मुळं आत येतात, मधे चर काढावा लागतो. निसवल्यावर प्रत्येक झाड पट्टीनं पलीकडच्या झाडाला बांधायचं. खर्च आहे, पण ३८० घडांपुढं काही नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा केळीला आहे, अंबिया बहारात, मुदत ३१ ऑक्टोबर असते. आपलं महसूल मंडळ त्यात येतं का, हे तालुक्याच्या कृषी कार्यालयात आधीच विचारून ठेव.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं तर घे. या जूनला केळी लावू नको. काळ्या एकरात सोयाबीन कर, ऑक्टोबरात काढ, शेणखत घालून बेड पाड, कडेनं शेवरी उगवू दे आणि फेब्रुवारीत रोपं लाव. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निसवण होते, वळीव टळतो, माल जानेवारी-फेब्रुवारीत येतो. थंडीत घड भरायला पंधरा-वीस दिवस जास्त लागतात हे धरून चाल. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. सध्या तो फेब्रुवारीच्या आसपास येतो आणि त्याच्या आधी आखाताची मागणी असते. नुसत्या त्याच्यावर भरवसा ठेवून मात्र लावू नको. फेब्रुवारीत लावलेल्या रोपाला पहिले तीन महिने ऊन सोसावं लागतं, त्यासाठी रोपाच्या दक्षिणेला तागाच्या चार काड्या उगवल्या तरी सावलीपुरत्या होतात.

दुसऱ्या एकरात तुझ्या वडिलांचा ऊस राहू दे. हे मी त्यांचं मन राखायला सांगत नाही. केळीचा दर पडला त्या वर्षी सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलातनं फिटतं, म्हणून सांगतोय. माझं असं दोनदा झालंय.

माळावरचा_शेतकरी (कडेगाव)

काका, तुम्ही एवढं लिहिलंत, कसे आभार मानू कळत नाही. वडिलांना वाचून दाखवलं. ते पुराच्या जागेला थांबले, म्हणाले पुन्हा वाच.

विहीर मोजली. बॅरल ५२ सेकंदांत भरलं. मोटर अडीच तास चालते, मग फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो. रात्रीत पुन्हा भरते, पण काठोकाठ नाही. म्हणजे दिवसाला एका एकराचं पाणी आहे, दोनाचं नाही. हे मी आजवर कधी मोजलंच नव्हतं.

अजून दोन प्रश्न. रोप कुठलं आणि कसं ओळखायचं? आणि नेंद्रनबद्दल कुणीच बोललं नाही.

वेफर्सवाली_कराड

दादा, नेंद्रनचं मी सांगते. कराडला घरीच केळी वेफर्स करते, सहावं वर्ष चालू आहे. आम्ही चार जणी आहोत. नेंद्रन मी केरळातून आणून करून बघितली आहे. वेफर सुंदर होतो, जाड काप, पिवळा रंग आतूनच असतो. पण तिचा घड १२-१५ किलोचा, चार-सहा फण्यांचा. आपल्याकडं लावतात त्या जी-नाईन जातीच्या निम्माच. केरळात ओणमच्या आधी तिला मागणी असते, म्हणून तिथं परवडते. इथल्या बाजारात तुम्ही नेंद्रनचा घड नेऊन ठेवलात तर हे काय म्हणून विचारतील. आपल्याकडं त्या जातकुळीतली म्हणजे वसईची राजेळी, तिची सुकेळी करतात, पण तो वसईचा बाजार. कडेगावात एक एकर नेंद्रन लावून तिचा वेफरवाला शोधत फिरणं म्हणजे तुमच्या वडिलांचा काट्याचा प्रश्न दुप्पट अवघड करणं आहे.

वेफर्सला कच्ची जी-नाईन चालते, आणि बाजारात दिसणारे बहुतेक वेफर्स तिचेच असतात. माझ्याकडं जी केळी येते ती पॅकिंगवाल्यांनी बाजूला काढलेली, म्हणजे डाग पडलेली, बोट वाकडं असलेली, फणीत दोन बोटं चिकटलेली. चवीला काही कमी नसतं. शेतकरी ती फुकापासरी सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. मी बागेत जाऊन घेते, तर दोन-तीन रुपये जास्तच देते.

फक्त एक सांभाळावं लागतं. कापल्यावर दुसऱ्या दिवसाच्या आत तळायची. केळं आतून गोडीला लागलं की बाहेरून हिरवं दिसलं तरी वेफर तेलात लाल पडतो आणि मऊ राहतो. मी एक केळं मोडून बघते. चीक दोऱ्यासारखा ओढला गेला तर घेते, नुसता पाण्यासारखा आला तर नाही घेत. सोलताना हाताला तेल लावायचं, नाहीतर चिकानं बोटं आठ दिवस काळी राहतात. काप थेट कढईवर किसणीनं पाडायचे, ताटात ठेवले की काळे पडतात. मीठ-हळदीचं पाणी तेलातच सोडायचं, तडतड थांबली की झारा फिरवायचा. दहा किलो केळ्यांचे पावणेतीन किलोच्या आसपास वेफर्स होतात, साल आणि पाणी जातं. यावरून दर काढा. तेलाचा खर्च केळीपेक्षा जास्त आहे.

घरी करणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करा, पाकिटावर तो नंबर लागतो. पण मी तुम्हाला शेती आणि वेफर्स एकाच वर्षी सुरू करा असं म्हणणार नाही. तुमच्या घरातल्यांना करायचं असेल तर दोन दिवस इकडं येऊन बघून जावं, मी सगळं दाखवेन. एवढंच करा, तुमचा बाजूला पडलेला माल बांधावर टाकू नका, मला फोटो पाठवा.

मळीरान (वाळवा)

ताईंनी नेंद्रनचं बरोबर सांगितलं. आणि ताई, बाजूच्या मालाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला माझ्या तिसऱ्या कटिंगचे बारा टन आठवले.

भाऊ, आधी तुझ्या पाण्याचं. ५२ सेकंद म्हणजे तासाला १३,८०० लिटर, अडीच तासाचे साडेचौतीस हजार. एक एकर बसतं, वर थोडं राहतं. ते थोडं उसाला देऊ नको, राखून ठेव. वीज जाते, मोटर जळते, तेव्हा तेच कामाला येतं. आणि त्या दिवसांत उसाला ताकारीचंच पाणी, हे वडिलांशी आत्ताच बोलून घे. नाहीतर एप्रिलात घरात भांडण.

रोप टिश्यूकल्चरचं, जी-नाईन. फूट-सव्वाफूट उंच, पाच-सहा पानं, पिशवी फोडली की पांढरी मुळं मातीला धरून असलेली. रोपवाटिकेला ऑर्डर देताना बिल घ्यायचं, त्यावर जात आणि लॉट लिहून घ्यायचा. हे मी का सांगतो, तर एका वर्षी बिलाशिवाय स्वस्तात रोपं आणली होती. तिसऱ्या महिन्यात शंभरावर झाडांची पानं पट्ट्यापट्ट्यांनी पिवळी पडून आखूड यायला लागली, पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, सडायला लागला. कुकुंबर मोझॅक हा विषाणूचा रोग होता, मावा कीड पसरवते तो. औषध नाही, झाड मुळासकट उपटून जाळायचं, दुसरं काही नाही. ज्यानं रोपं दिली त्यानं आमची नव्हेतच म्हणून हात वर केले. माझ्याकडं बिल कुठं होतं? त्याच वर्षी मी बागेच्या कडेनं काकडी आणि मिरची लावली होती, तोही माझाच दोष. काकडी, भोपळा, कारली, टोमॅटो, मिरची ही सगळी त्या रोगाची घरं आहेत. केळीत आंतरपीक करायचंच तर ताग कर आणि फुलायच्या आधी गाडून टाक.

आता वडिलांच्या काट्याकडं येतो. लागणीच्या आधी, म्हणजे या पावसाळ्यातच, तू तीन ठिकाणी जाऊन ये. एक, मेहुण्याकडं माल नेणाऱ्या पॅकिंगवाल्याकडं. त्याला विचार, कडेगावला गाडी पाठवायला एका वेळी किती टन माल लागतो? एका एकराच्या एका कटिंगला दहा-बारा टनच निघतो, त्यासाठी तो कंटेनर वळवणार नाही. मग तुझ्या शिवारात अजून तीन-चार जणांनी त्याच पंधरवड्यात लागण केली पाहिजे. हे काम रोप लावण्याच्या आधीचं आहे. आमच्याकडं आम्ही सहा जण आहोत, लागणीची तारीख बसून ठरवतो, रोपं एकत्र मागवतो, आणि कटिंगला गाडी एकच येते. असं जमवल्यापासून दर एक-दीड रुपयानं वर मिळतो आणि व्यापारी दांड्यावरनं वाद घालत नाही.

दांड्याचं राहिलंच सांगायचं. दर ठरवताना हे विचारायचं की वजन दांड्यासकट की फणीचं. दांड्यासकट १४ रुपये आणि फणीचं १५ रुपये यात दुसरा दर दिसायला जास्त, पण पंचवीस किलोच्या घडात दांडाच दोन-अडीच किलोचा निघतो. गणित कर. काटा तुझ्या डोळ्यांसमोर व्हायला पाहिजे, आणि शेवटच्या कटिंगचा राहिलेला माल कोण नेणार, काय दरानं, हे पहिल्या घडाला विळा लागायच्या आधी बोलून ठेवायचं. चांगला माल घेऊन गेलेला माणूस उरलेल्यासाठी परत येत नाही.

दोन, सांगली-मिरजेचे केळीचे घाऊकवाले, ज्यांच्याकडं इथिलीनची पिकवण चेंबर आहे. कार्बाइड वापरणाऱ्याकडं जाऊ नको, त्याला कायद्यानं बंदी आहे. रोजचा पाच-सहाशे किलो माल घेणारा एक जरी ओळखीचा झाला तरी तुझी शेवटची कटिंग वाचली. श्रावण, गणपती, नवरात्र, एवढे दिवस त्यालाही माल कमी पडतो.

तीन, या ताईंकडं. त्या दोन रुपये जास्त देतात म्हणतात, ते खरं मान. असं स्वतःहून कुणी म्हणत नाही.

द्राक्षबाग_तासगाव

मळीरान काका, सहा जणांनी एकत्र लागणीचं जे लिहिलंत, ते आम्हाला द्राक्षात वीस वर्षं जमलं नाही. त्यावर एकदा वेगळं लिहा.

माळावरचा_शेतकरी (कडेगाव)

ठरवलं. काळ्या एकरात सोयाबीन, मुरमाच्या एकरात आडसाली. फेब्रुवारीत एकच एकर केळी. माती परीक्षणाला नमुना उद्या देतोय. शेवरीचं बी भावकीतल्या एकाकडं आहे. गावातले दोघं तयार आहेत, तिसरा म्हणतो आधी तुमची बघू.

वडिलांनी काल रात्री जेवताना विचारलं, त्या वाळव्याच्या माणसाची बाग आपल्याला बघायला मिळंल का. मी काही बोललो नव्हतो, त्यांनीच विचारलं.

मळीरान (वाळवा)

या की. माझ्या दुसऱ्या बागेचं पहिलं कटिंग येत्या बुधवारी आहे. सकाळी साडेसहाला गाडी लागते, सात वाजता घड उतरवायला सुरुवात. वडिलांना नक्की आण, त्यांना काट्याशेजारी खुर्ची टाकून बसवू. त्यांनी स्वतः वजनं लिहावीत, म्हणजे मलाही एक जास्तीचा हिशेब मिळेल.

पत्ता मेसेजमध्ये पाठवतो. येताना जुने कपडे घालून या दोघंही, केळीचा चीक एकदा पडला की निघत नाही. आणि जेवायला इथंच थांबायचं, आमच्याकडं त्या दिवशी केळफुलाची भाजी असते.